स्थळाच्या चौकशीत खरे सांगणे ही गीबत (पाठीमागची निंदा) ठरते का?

खाडीकाठ (दाभोळ):
आमच्या मोहल्ल्यातील, कुवेतला नोकरी करणाऱ्या एका मुलाविषयी श्रीवर्धनच्या एका कुटुंबाने माझ्याकडे चौकशी केली आहे. मुलगा मनमिळाऊ आहे, परंतु त्याच्यावर मोठे कर्ज असून ते त्याने मुलीकडच्यांना सांगितलेले नाही. कुराणातील सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) गीबतीला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. अशा वेळी मी बोलावे की गप्प राहावे?

हर्णैकर:
‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातील (प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहातील) हदीसनुसार आपल्या भावाला आवडणार नाही अशी त्याची गोष्ट त्याच्यामागे बोलणे ही गीबत, आणि ती गोष्ट खोटी असेल तर बोहतान (खोटा आळ). त्यामुळे ‘मी खरे तेच बोललो’ हा बचाव तिथे टिकत नाही, जरी आपल्याकडे तो सर्रास केला जातो. लग्नाची चौकशी मात्र अपवादात मोडते. प्रेषितांच्या काळातील फातिमा बिन्त कैस यांनी आपल्याला आलेल्या लग्नाच्या दोन मागण्यांविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) मुआविया निर्धन आहेत आणि अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाहीत (म्हणजे बायकांना मारतात), असे स्पष्ट सांगून उसामा बिन जैद यांच्याशी निकाह करण्याचा सल्ला दिला. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी ज्या शाफई मजहबाचे (इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरेचे) आहोत, त्याच मजहबाचे इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ या हदीससंग्रहामध्ये गीबतीला मुभा असलेले सहा प्रसंग दिले आहेत; सल्ला विचारणाऱ्याला सावध करणे हा त्यांपैकी एक.

मुरूडची वाचक:
मुभा आहे हे मान्य, पण कर्जाची बातमी आपल्यापर्यंत कशी आली? अविश्वासू माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करावी, असे त्याच सूरहमध्ये (४९:६) सांगितले आहे, आणि आखातातल्या माणसांच्या कर्जाचे आकडे जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता फिरता फुगत जातात. शिवाय ‘हे स्थळ तुम्हाला जुळणारे नाही’ एवढ्यावर काम भागत असेल, तर दोष उघड करू नये, असेही नववींनीच म्हटले आहे.

खाडीकाठ (दाभोळ):
बातमी ऐकीव नाही. त्या कर्जाला जामीन मीच आहे.

मुरूडची वाचक:
मग स्वतःचा हेतूही तपासावा. सल्ल्याच्या आडून मत्सर बोलू शकतो, अशी ताकीद नववींनी याच अपवादाखाली दिली आहे, आणि जामिनाला स्वतःच्या पैशांची काळजी असणे तर स्वाभाविकच आहे.

हर्णैकर:
‘जुळणारे नाही’ या मोघम उत्तराशी मात्र मी सहमत नाही. आपल्याकडे असे ऐकले की लोक थेट दारू किंवा आधीचा निकाह असा तर्क करतात, म्हणजे मुलाची अब्रू वाचण्याऐवजी जास्तच जाते. त्यापेक्षा आधी मुलाला फोन करून ‘तू स्वतः सांग, नाहीतर मला सांगावे लागेल’ असे बजावावे. तो टाळू लागला, तर मुलीच्या वडिलांना एकट्याला भेटून कर्जाविषयी तेवढे सांगावे. व्हॉइस मेसेज मात्र पाठवू नये, कारण तो पुढे कोणाकोणाकडे जाईल यावर आपला ताबा राहत नाही.