थारमध्ये एअर कॉम्प्रेसर फिक्स बसवायचाय: सिंगल, ट्विन की टाकीसकट?

घाटमाथा_सातारा
नमस्कार मंडळी. गाडी थार डिझेल, हार्डटॉप, टायर कंपनीचेच २५५/६५ आर १८. आमचा ग्रुप चाळकेवाडी-ठोसेघर पट्ट्यात नाहीतर बामणोलीच्या अंगाला ओळखीच्यांच्या रानात जातो, वर गेलं की चिखल-दगडात पकड मिळावी म्हणून टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणायची आणि निघताना परत ३२ करायची, इथंच सगळी बोंब आहे. सिगरेट लायटरला लावायचा छोटा पंप आहे माझ्याकडं पण तो एका टायरला एवढा वेळ घेतो की तोवर बाकीचे भजी खाऊन हात धुऊन मोकळे, आणि दुसऱ्या टायरला त्याला हात लावायची सोय राहत नाही इतका तापतो. खाली पंपावर यावं तर 'हवा बंद आहे' चा पुठ्ठा अडकवलेला. मऊ टायरवर यवतेश्वरचा घाट उतरायला मला नको वाटतं, वळणाला गाडी डुलते.

तर आता बोनेटखाली कायमचा कॉम्प्रेसर बसवावा म्हणतोय. एआरबी कंपनीचा सिंगल (एक मोटरचा) घेऊ की ट्विन (दोन मोटरचा)? एक दुकानदार म्हणतोय ४ लिटरची टाकी पण घ्या, टायर झटक्यात भरतील. खरं का?

मिरजेचा_वायरमन
दादा, कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी वायरचं बोला. तुमचा छोटा पंप मार खातो त्याचं कारणच ते आहे, लायटर सॉकेटला फ्यूज असतो १५ अँपिअरच्या आसपास, त्यातनं दीड-पावणेदोनशे वॅटच्या वर काय मिळणार? सिंगल मोटर लोडवर २५-३० अँपिअर ओढते, ट्विन ५० च्या वर जातो. म्हणजे डायरेक्ट बॅटरीवरनं लाइन, मध्ये रिले (छोट्या बटणानं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि फ्यूज बॅटरीपासनं वीतभर अंतरात. लोक फ्यूज कॉम्प्रेसरजवळ लावतात, मग मधली वायर कुठं बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज बघत बसतो नुसता.

हिशोब सांगतो. कॉम्प्रेसर मागं डिकीत टाकला तर वायर ४ मीटर धरा, जाऊन येऊन ८. अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि ३० अँपिअर, दीड व्होल्टच्या वर वायरीतच खलास. १० स्क्वेअरची टाकली तर अर्ध्या व्होल्टच्या आत. मोटरला साडेतेराच्या जागी बारा पोचले की ती हळू फिरते, जास्त तापते, मग लोक म्हणतात कंपनी भंगार. अर्थिंग पण तेवढ्याच जाड वायरीनं करा, रंगावर स्क्रू पिळून नाही, पत्रा घासून.

काळीमाती_विटा
टाकीवाल्या दुकानदाराला कोपरापासनं नमस्कार 😄

४ लिटर टाकी १५० पीएसआयला भरली म्हणजे दाब झाला साधारण १० बार (१ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय). टायरमध्ये २ बार असताना तिच्यातली हवा वापरायला मिळते ती ८ बारची, म्हणजे ३२ लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा. आता तुझ्या टायरच्या पोटात ६०-७० लिटर जागा आहे, १८ चे ३२ करायचे म्हणजे जवळजवळ १ बार, तर एका टायरलाच ६०-७० लिटर हवा पाहिजे. टाकी अर्ध्या टायरमध्ये संपली, पुढं सगळं कॉम्प्रेसरच करणार, वर टाकी भरायची ती वेगळीच. टाकीचा खरा उपयोग बीड (टायरची रिमवर बसणारी कड) बसवायला, टायर रिमवरनं सुटला तर एकदम हवेचा लोंढा लागतो तो कॉम्प्रेसर एकटा देत नाही. तू १८ च्या खाली जात नाहीस तर टायर सुटायची भीती तशी कमीच. आणि पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं, खालचा कॉक उघडून काढावं लागतं, ते कोणी करत नाही.

सिंगल का ट्विन म्हणशील तर सिंगल ३० पीएसआयच्या आसपास मिनिटाला ६० लिटर देतो. म्हणजे टायरला मिनिट-सव्वा मिनिट. ट्विन जवळपास दुप्पट. एका गाडीला सिंगल बास झाला. ट्विन कोणाला, तर ज्याच्यामागं अख्खा ग्रुप नळी धरून रांगेत उभा राहतो त्याला, कारण ट्विन न थांबता चालतो, सिंगलला मध्ये दम खाऊ द्यावा लागतो.

कोरेगावकर_जिम्नी
माझं मत वेगळं आहे, पटलं तर घ्या. बोनेटखाली कशाला पाहिजे? एअर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा, हवेवर चालणारा लॉक) असता तर गोष्ट वेगळी, त्याला हवा लागतेच, पण थारला मागं मेकॅनिकल लॉकर येतो (व्हेरियंट बघा), त्याला हवेशी घेणंदेणं नाही. मग बॅटरीला चिमटे लावायचा पोर्टेबल घ्या, व्हायएअर ८८पी सारखा, बॅगेत राहतो, भावाच्या गाडीला पण चालतो, गाडी विकली तरी आपल्याकडंच. वॉरंटीची कटकट नाही. शिवाय गावाकडं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पण उपयोगी पडतो.

घाटमाथा_सातारा
@कोरेगावकर पॉइंट आहे राव. पण भर पावसात बोनेट उघडून चिमटे लावायचे, हाच तर कंटाळा आहे. आणि ग्रुपमध्ये आम्ही चार गाड्या, पंप कोणाकडंच धड नाही, म्हणजे रांग माझ्याच मागं लागणार हे नक्की 🙄

काळीमाती_विटा
मग ट्विन घे आणि वर्गणी काढ.

पाटण_४बाय४
सगळे आकडे बोलले, बसवायच्या जागेचं कोणी बोललं नाही. टर्बो आणि एक्झॉस्टच्या अंगाला अजिबात नको, आधीच तिथं भट्टी असते आणि कॉम्प्रेसर स्वतः पण तापतो. जेवढा उंच बसेल तेवढा बसवा. थारची वेडिंग डेप्थ (किती खोल पाण्यातनं जाते ते) ६५० एमएम सांगतात पण ओढ्यात बोनेटवर लाट येते तेव्हा ते माप कोण बघतंय? गरम कॉम्प्रेसरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि फिल्टरमधनं पाणी ओढलं जातं. फिल्टरला नळी जोडून तो वर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) किंवा केबिनमध्ये घ्या, त्याचं किट मिळतं.

दुसरं, कॉम्प्रेसरच्या हेडमधनं हवा फार गरम निघते, पहिला हातभर पाइप स्टीलच्या जाळीचाच पाहिजे, त्याच्यापुढं साधी नायलॉन नळी चालेल. इथं चार पैसे वाचवायला साधी नळी लावतात ती मऊ पडून फुगते, मग फट्ट.

हवा भरताना इंजिन चालू ठेवा आणि रेस जरा वर, १०००-१२०० वर, नुसत्या बॅटरीवर ट्विन चालवू नका.

आणि घाटमाथा भाऊ, ओळखीचं रान म्हणालात ते ठीक, पण ग्रुपमधल्या नव्या पोरांना कासच्या सड्यावर (पठारावर) चाकं घालू देऊ नका. जांभ्यावर माती बोटभर नाही, एकदा टायर फिरला की तिथं परत काय उगवायला वर्षं जातात. २०१२ पासनं जागतिक वारशात आहे ती जागा, दंड होईल ते वेगळंच.

घाटमाथा_सातारा
सड्यावर नाही हो जात, तिथं आमचं आम्हालाच पटत नाही.

ठरलं मग, ट्विन, टाकी कॅन्सल. बॅटरीच्या मागच्या बाजूला पत्र्याचं ब्रॅकेट एमआयडीसीतनं वाकवून घेतो. @मिरजेचा_वायरमन, बॅटरीपासनं मीटरभरच अंतर आहे, तर वायर किती आणि फ्यूज किती टाकू? एकच मोठा का दोन?

मिरजेचा_वायरमन
मीटरभराला १६ स्क्वेअर टाका, डोक्याला ताप नाही. ट्विनच्या हार्नेसमध्ये (सोबत येणाऱ्या वायरिंगमध्ये) दोन मोटरला दोन वेगळे फ्यूज येतात, ते काढून एक करू नका, एक मोटर बंद पडली तरी दुसरीवर घरी याल. आणि ब्रॅकेटला ३ एमएमचा पत्रा घ्या, पातळ घेतला तर कंपनानं वेल्डपाशी चिरतो. बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, कंपनानं सैल न होणारा).