चोविसावा आठवडा चालू आहे, फ्लूची लस घ्यावी का?

बकुळी, पुणे

मैत्रिणींनो, पहिलंच बाळ आहे. परवा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी फाइलवर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांखाली 'इन्फ्लुएंझा लस' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "घरी बोलून घ्या, पुढच्या वेळी देऊन टाकू." घरी बोलले आणि तिथेच अडलं.

सासूबाई फार जीव लावतात, हे आधी सांगते. पाचवा लागल्यापासून मला पाण्याची बादली उचलू देत नाहीत. पण लस म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. "धनुर्वाताची सुई सगळ्यांनाच देतात. ही कुठली नवीन? पोटातल्या जिवाला काही झालं तर?" नवरा म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे ठरवायचं मी एकटीनेच.

मी बालवाडीत शिकवते. वर्गात तीस मुलं, जुलै महिना, निम्म्यांची नाकं वाहतायत. एकमेकांच्या डब्यातलं खातात आणि तेच हात माझ्या ओढणीला पुसतात. गेल्या आठवड्यात चौघं तापाने आली नाहीत. वर येताजाता बसची गर्दी.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये मी नववीत होते. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, १४ वर्षांची मुलगी, माझ्याच वयाची. शाळा बंद झाल्या. आई रोज रुमालात कापूर आणि वेलदोडा बांधून द्यायची आणि दहा वेळा कपाळाला हात लावून बघायची. तिचा तो हात मला अजून आठवतो. आता तशीच काळजी मला पोटातल्या बाळाची वाटते, फक्त कपाळाला हात लावता येत नाही.

लसीने बाळाला अपाय होतो का? लसीनेच ताप आला तर? आणि पावसाळा निम्मा सरलाय, आता घेऊन उपयोग आहे का? ज्यांनी घेतली किंवा नाही घेतली, दोघींनीही सांगा.

मिरजेची माहेरवाशीण

मी अठ्ठाविसाव्या आठवड्यात घेतली. दंड दीड दिवस दुखला, रात्री अंग थोडं कसकसलं, सकाळी ठीक. बाळंतपणाला मिरजेला आले तर भावाची दोन्ही मुलं तापाने फणफणलेली. तीन आठवड्यांचं बाळ घेऊन मी माडीवरच्या खोलीत बसले होते. लस घेतली होती म्हणून तेवढा तरी धीर होता.

शमी

मी घेतली नाही. कुणी विरोध केला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत राहिले.

जानेवारीत, एकतिसाव्या आठवड्यात सर्दी झाली. आम्ही तुळस-आल्याचा काढा करत बसलो. तिसऱ्या दिवशी १०३ ताप आणि जिना चढताना धाप. पोट मोठं झालं की धाप लागतेच, असं सगळे म्हणाले, मलाही तसंच वाटलं. दवाखान्यात ऑक्सिजन कमी निघाला. पाच दिवस नाकात नळी होती. तपासणीत फ्लू निघाला आणि ऑसेल्टामिविरच्या गोळ्या सुरू झाल्या. ते औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो, हे मला तिथे कळलं. लेक छत्तिसाव्या आठवड्यात झाली, आता छान आहे. पण त्या पाच रात्री मी डाव्या कुशीवर पडून फक्त तिच्या लाथा मोजत होते. बकुळी, लस घे किंवा नको घेऊस, पण ताप आला तर काढ्यात दिवस घालवू नकोस. त्याच दिवशी दाखव.

निवृत्त सिस्टर

बकुळी बाळा, प्रसूतिगृहात ३१ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गरोदरपणी गर्भाशय वर सरकतं, फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर भार वाढतो आणि शरीराची प्रतिकाराची रीतही बदलते. म्हणून जो फ्लू एरवी चार दिवसांत उतरतो तो गरोदर बाईला छातीत धरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सगळ्यांत आधी धरावं असं सांगितलं, ते यासाठीच.

तुम्हाला देतात ती लस मारलेल्या विषाणूची. तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. नाकात फवारायची जी जिवंत विषाणूची लस असते, ती गरोदर बाईला द्यायची नसते. दंड दुखणं, बारीक ताप एक-दोन दिवस चालतं, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यायची. पण आज अंगात ताप असेल तर लस पुढे ढकला, आणि आधीच्या कुठल्या लसीने जोराची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधी सांगा.

आता बाळाचं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्या काळात त्याच्याकडे असतं ते आईकडून वारेतून आलेलं संरक्षण. बांगलादेशात २००४-०५ मध्ये ३४० गरोदर बायकांचा अभ्यास झाला. ज्यांना फ्लूची लस दिली त्यांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे काही बाळांना तरीही झाला. लस म्हणजे चिलखत नव्हे, हे मी प्रत्येकीला सांगायचे.

उशीर झालेला नाही. आपल्याकडे साथ पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोकं वर काढते. लस घेतल्यावर अंगी लागायला दोन आठवडे जातात. बाळ नोव्हेंबरात येईल, म्हणजे हिवाळ्याची साथ त्याच्या वाट्याला येणारच. विषाणू रूप बदलतो, म्हणून बाटली चालू हंगामाची आहे ना, तेवढं बघा.

आणि सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना बरोबर घेऊन जा. त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

बकुळी, पुणे

सिस्टरताई, तुमचं ऐकलं. काल आईंना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला भीती कशाची वाटते?" आई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधी त्यांच्या पोटात एक बाळ होतं. पाचव्या महिन्यात ताप आला, गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत गेलं. चौतीस वर्षं त्या इंजेक्शनला धरून बसल्या होत्या. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी कारण सांगता येणार नाही. पण इंजेक्शनच्या आधी ताप होता ना? ही सुई तो ताप येऊ नये म्हणूनच आहे." आईंनी डोळे पुसले आणि माझी पर्स स्वतःकडे घेतली, मला बाही वर करता यावी म्हणून.

लस घेतली. अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, मग घरी. आज दंड ठणकतोय, ताप नाही. शमी, तुझा प्रतिसाद मी आईंना वाचून दाखवला. तुझी लेक कशी आहे, ते त्यांनी विचारायला सांगितलंय.