क्लोझापिनवरही आवाज थांबत नाहीत. ईसीटी की आरटीएमएस? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

धाकटा भाऊ, वय ३४, स्किझोफ्रेनिया. कुणी नसताना माणसांचे आवाज ऐकू येतात, सगळ्यांवर संशय. दोन औषधं पुरेशा डोसने देऊन झाली, मग क्लोझापिन. पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासलं. आई कॅलेंडरवर लाल फुल्या मारायची. फायदा झाला, नाही असं नाही. संशय गेला, जेवायला आमच्यात बसतो. पण आवाज आहेतच. संध्याकाळी बेसिनचा नळ सोडून तिथेच उभा राहतो. पाण्याच्या आवाजात ते जरा दबतात म्हणे. टाकी रिकामी होते म्हणून बाबा ओरडायचे, हल्ली तेही बोलत नाहीत.

डॉक्टरांनी क्लोझापिन चालू ठेवूनच ईसीटी सुचवली, म्हणजे भूल देऊन मेंदूला विजेचा झटका. आईने ‘शॉक’ ऐकलं आणि विषय संपला. आत्याला पूर्वी भूल न देता शॉक दिले होते, चौघांनी धरून. आईने ते पाहिलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय ईसीटीवर बंदी आहे, हे सांगून पाहिलं. ‘आत काय करतात ते बघायला कायदा येतो का?’ म्हणाली.

त्यात मावसभावाने आरटीएमएसची जाहिरात पाठवली. भूल नाही, झटका नाही, डोक्याशी चुंबकीय कॉइल धरायची. आई लगेच तयार! मी वाचलं तेवढ्यावरून आवाजांसाठी डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागावर सेकंदाला एक स्पंदन देतात, पण निष्कर्ष उलटसुलट आहेत. शिवाय क्लोझापिनने फिट येण्याचा धोका वाढतो आणि आरटीएमएसनेही क्वचित फिट येते. जाहिरातीत यातलं अक्षर नाही.

कुणाच्या घरी यातलं काही केलंय का? आवाज कमी झाले तर किती दिवस टिकलं? ईसीटीनंतर विसरभोळेपणा कितपत राहिला? तो शिकवण्या घेतो, त्याला तीच भीती आहे.

प्रतिसाद: ताई, माझ्या मिसेसना क्लोझापिनसोबत ईसीटी दिली. आवाज गेले नाहीत, पण तिच्याशी भांडायचे थांबले. त्या दोन महिन्यांतलं तिला फारसं आठवत नाही, पुतण्याचं बारसंही नाही. जुनं सगळं शाबूत आहे. २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात क्लोझापिनला दाद न देणाऱ्या ३९ जणांपैकी २० जणांना ईसीटी दिली, १० जणांना चांगला फरक पडला. नुसत्या क्लोझापिनवरच्या १९ पैकी एकालाही नाही. अभ्यास लहान आहे, हेही खरं. आईंना भूलतज्ज्ञांशी बोलू द्या. आमच्या सासूबाई त्यानंतरच तयार झाल्या.

धागाकर्ती: भूलतज्ज्ञांचं सुचलंच नव्हतं. सोमवारी विचारते. बारशाचं भावाला सांगू का, ठरत नाहीये.