मदत हवी आहे: बायबलमधले संदेष्टे योना आणि नहूम, दोघांचा देव एकच ना?

नमस्कार मंडळी, रविवारी चर्चमधल्या तरुणांसमोर देवाच्या दयेवर बोलायचंय आणि मी निनवेपाशी (इस्राएलच्या शत्रूचं, अश्शूरचं मोठं शहर) अडकलोय. निर्गम 34 मध्ये देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो, दयाळू, मंदक्रोध, पण दोषीला मोकळं सोडत नाही, बापाच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. आता योना अध्याय 4 मध्ये हेच शब्द घेतो पण शिक्षेचा भाग गाळूनच टाकतो, आणि वर चिडतो की तू दयाळू आहेस म्हणून शत्रूचं शहर निनवे वाचलं! (रुसून बसलेला संदेष्टा, मला तर भारी आवडतो) नहूम त्याच निनवेबद्दल मंदक्रोध म्हणतो आणि लगेच शिक्षेवर येतो, आणि इ.स.पू. 612 ला शहर पडलंच.

मग दयेला मुदत असते का? की योनाच्या वेळी निनवेकरांनी केलेला पश्चात्ताप टिकला नाही म्हणून? त्यात यहेज्केल 18 म्हणतो की मुलगा बापाचं पाप भोगणार नाही, ते पिढ्यांच्या वाक्याशी कसं जुळवायचं? ग्रुपवर बेने इस्राएल (आपले मराठी ज्यू) कोणी असतील तर प्लीज सांगा, योम किप्पूरला (ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस) दुपारी योना वाचतात तेव्हा हे कसं समजावतात? "देवाची लीला" सोडून काहीही चालेल.