शब्दचर्चा: ‘समुद्रसपाटीपासून उंची’, म्हणजे नेमकी कुठून?

प्रश्न: कळसूबाईची उंची 1646 मीटर, पण पायथ्याच्या बारी गावातून निघालं तर तेवढं चढावं लागत नाही. आणि समुद्र तर भरती-ओहोटीने रोज वरखाली होतो. मग ही सपाटी कोणती धरायची?

उत्तर: आधी सपाटीचं बघू. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्याही वर जातो. त्यामुळे एखाद्या क्षणीचं पाणी धरून चालत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने 1909 साली देशासाठी जो पाया ठरवला, तो 9 बंदरांवरच्या भरतीच्या नोंदींवरून. त्यांत मुंबईचं अपोलो बंदर होतं, कारवारही होतं. तिथून टप्प्याटप्प्याने पातळ्या मोजत माणसं देशाच्या आत गेली आणि जागोजागी दगडांवर तलचिन्हं, म्हणजे मोजलेल्या उंचीच्या खुणा, कोरली. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली असते ती उंचीही समुद्रसपाटीपासूनचीच. किती चिकाटीचं काम आहे हे!

आता चढाचं. 1646 हा आकडा शिखर कुठे आहे ते सांगतो, पाय किती दुखतील ते नाही. सिंहगड 1300 मीटरच्या आसपास, पण पुणं स्वतःच साडेपाचशे मीटरांवर वसलेलं. मराठीत दोन्हींना ‘उंची’च म्हणतात, म्हणून गडांची माहिती लिहिताना ‘समुद्रसपाटीपासून’ आणि ‘पायथ्यापासून’ असे दोन्ही आकडे द्यावेत, असा माझा आग्रह आहे. नवख्या माणसाला दुसराच जास्त उपयोगी.

प्रश्न: मग मुंबईत चौपाटीवर उभं असताना माझ्या फोनमधलं ॲप उंची उणे साठ मीटरच्या आसपास का दाखवतं?

उत्तर: ते ॲप बहुधा जीपीएसचा कच्चा आकडा दाखवतंय. जीपीएस पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरतं आणि उंची त्यापासून मोजतं. आपल्याकडे गुरुत्वाकर्षण किंचित कमी, त्यामुळे समुद्राची पातळीच त्या आकाराच्या खाली बसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती शंभरेक मीटर खाली आहे. काही ॲप ही दुरुस्ती करून आकडा देतात, काही देत नाहीत.

मुंबईकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तलावांच्या पातळीपुढे ‘टाउन हॉल डेटम’ (मुंबईतला मोजमापाचा वेगळा पाया) लिहिलेलं असेल, तर ते मोजमाप समुद्रसपाटीपासूनचं नसतं. त्याचं शून्य समुद्रसपाटीच्या बरंच खाली धरलेलं आहे, त्यामुळे तो आकडा मोठा दिसतो.