देवनागरीला मोनोस्पेस फॉन्ट हवाच कशाला?

निपाणीकर: "देवनागरीत मोनोस्पेस ही कोडवाल्यांची नक्कल, मराठीला उपयोग शून्य" ही कालची पोस्ट वाचून गप्प बसवेना. मोनोस्पेस म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी. लुकास दे ग्रूटच्या कन्सोलास या मोनोस्पेस फॉन्टात शून्यात तिरपी रेघ आहे, इंग्रजी ओ आणि शून्य चुकत नाहीत. आमच्या घ-ध, भ-म साठी एवढी काळजी कुणी घेतली? त्या फॉन्टात देवनागरीच नाही. विंडोज दुसऱ्याच फॉन्टातून अक्षरं उचलतं आणि रकाने मोडतात. एका पतसंस्थेच्या याद्या मी टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीत, तपासतो. नाव मराठीत आलं की रक्कम सरकलीच. हा उपयोग नव्हे तर काय?

शहापूरकर: पोस्ट माझी आहे. रकमेसाठी सारख्या रुंदीचे आकडे पुरतात, ते साध्या फॉन्टातही मिळतात. र आणि ज्ञ एका मापात बसवले की र भोवती ओसाड जागा आणि ज्ञ गुदमरलेला. वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशीनवरची ती तुटकी जोडाक्षरं बघतच मी वाढलो. पुन्हा नको.

निपाणीकर: त्याच मशीनवर सोसायट्यांचे ठराव निघाले आणि लोकांनी ते वाचले की! र ला एक घर, म्हणजे एका अक्षराची ठरलेली जागा द्या, ज्ञ ला दोन. चिनी-जपानी अक्षरं टर्मिनलवर दोन घरं घेतातच.

लोंढेकर: घरं राहू द्या, आधी ल बघा. फोनवर लोंढा लिहिलं की ल हिंदी वळणाचा, शहापूरचा श पण तसाच. कितीतरी फॉन्टांत मराठी वळण असतं, पण मजकुरावर मराठी भाषेची खूण नसली तर ते दिसत नाही. इथे कर्नाटकात २०२४ च्या कायद्याने पाटीवर ६० टक्के कन्नड. उरलेल्या जागेतली मराठी तरी आमच्या वळणाची नको?

निपाणीकर: पाट्यांचं भांडण इथे आणू नका. दर धाग्यात तेच!

लोंढेकर: तुम्हाला भांडण वाटतं, आम्हाला रोज डोळ्यांना टोचतं.

टिळकवाडीकरीण: लोंढेकरांचं खरं आहे. मुलगी फोनवर बघून तसलाच ल गिरवायला लागली, शाळेत बाईंनी लाल शाईने खोडला. पोरीचा काय दोष, सांगा.

शहापूरकर: ल वर एकमत. आणि निपाणीकर, याद्यांपुरती दोन घरं मान्य, पुस्तकात नाही. पण क्ष म्हणजे क, हलंत, ष. टर्मिनल त्याची दोन घरं मोजणार आणि फॉन्टवाल्याने एका घराचा क्ष काढला तर रकाना पुन्हा वाकडा. ते आधी ठरवा. आणि त्या फॉन्टात मराठी ल नसेल तर मी तो फॉन्ट बसवणार नाही.