मदत हवी आहे: आद्य ध्वनींची अदलाबदल करताना स्वराचे काय करावे?

दोन शब्दांच्या आद्य ध्वनींची अदलाबदल करून होणाऱ्या विनोदी शब्दखेळांचा, म्हणजे ऑक्सफर्डच्या विल्यम स्पूनर यांच्या नावावरून ज्यांना ‘स्पूनरिझम’ म्हणतात त्यांचा, मी शाळकरी मुलांसाठी मराठी संच तयार करीत आहे. ‘गार पाणी’चे ‘पार गाणी’ आणि ‘चार माळा’चे ‘मार चाळा’ सहज होते, कारण दोन्ही शब्दांत आरंभी ‘आ’ आहे. ‘जुना वाडा’ मात्र अडतो: केवळ व्यंजने बदलली तर ‘वुना जाडा’, मात्रेसह अक्षरे बदलली तर ‘वाना जुडा’, कानाला पहिलेच अधिक गमतीचे वाटते. जोड्या मोठ्याने वाचून पाहिल्या, शब्दकोशही चाळला. बदललेले दोन्ही शब्द शक्यतो अर्थपूर्ण हवेत, अश्लील अर्थ मात्र मुळीच नको. अशा वेळी स्वर जागेवरच ठेवावा का, आणि ‘स्वच्छ पाणी’सारख्या जोडीत ‘स्व’ पूर्ण हलवावा की केवळ ‘स’?